दहा दिवसांचं बाळ, उलट्या आणि मीठ: सीएएच ओळखायचा कसा, सांभाळायचा कसा

जन्माच्या वेळी वजन चांगलं, रडणं चांगलं, तिसऱ्या दिवशी बाळ घरी. मग दुसऱ्या आठवड्यात दूध ओढणं कमी होतं, उलट्या सुरू होतात, वजन उतरतं, टाळू खोल जाते, बाळ मलूल पडतं. अशा बाळाला जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू होतं आणि पुष्कळदा तो अंदाज बरोबरही असतो. पण यातल्या काही बाळांच्या रक्तात सोडियम ११५-१२० पर्यंत घसरलेलं असतं आणि पोटॅशियम ७-८ वर चढलेलं असतं. या वयात ही जोडी दिसली की सगळ्यात आधी विचार करायचा तो कन्जेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेजिया, म्हणजे सीएएच, या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या जन्मजात आजाराचा.

हा आजार दुर्मीळ आहे, पण वाटतो तितका नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासात मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा ५,७६२ बाळांमागे एकाला तो सापडला. उपचारही नवा नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला लॉसन विल्किन्स यांनी १९५० मध्ये कॉर्टिसोन देऊन तो सुरू केला. तरीही ही मुलं आपण आजही दोन ठिकाणी गमावतो. एक, पहिल्या तीन आठवड्यांत, निदानच न झाल्यामुळे. दुसरं, पुढे कधीतरी तापाच्या किंवा जुलाबाच्या दिवशी, औषध वाढवायचं राहून गेल्यामुळे. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा या दोन वेळांना दिली आहे.

शरीरात नेमकं काय बिघडतं

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात. त्या कोलेस्टेरॉलपासून तीन प्रकारची हॉर्मोन तयार करतात: ताणाच्या वेळी रक्तदाब आणि साखर टिकवणारं कॉर्टिसॉल, लघवीतून मीठ वाहून जाऊ न देणारं अल्डोस्टेरॉन आणि पुरुषी गुणांची अँड्रोजेन. सीएएचच्या साधारण ९५ टक्के मुलांमध्ये २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम कमी असतं किंवा नसतंच. कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन बनवायला ते लागतं, अँड्रोजेन बनवायला लागत नाही. पाटाची दोन दारं बंद झाली की सगळं पाणी तिसऱ्याच शेतात शिरतं, तसंच इथे होतं. कॉर्टिसॉल कमी पडतंय म्हणून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अ‍ॅड्रिनलला आणखी जोर लावायला सांगते, ग्रंथी मोठी होते आणि तो सगळा जोर अँड्रोजेन वाढवण्यात जातो. अडलेल्या पायरीच्या मागे १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, थोडक्यात १७-ओएचपी, साचत जातं. निदानाची मुख्य तपासणी याच साचलेल्या पदार्थाची असते.

तीव्र प्रकारात दर चार मुलांपैकी साधारण तिघांचं शरीर मीठ धरून ठेवू शकत नाही. एक सौम्य प्रकारही आहे. त्यात जन्माच्या वेळी काहीच कळत नाही. पुढे लवकर उगवलेले काखेतले-जांघेतले केस, मुरुमं, अनियमित पाळी यांवरून तो लक्षात येतो, आणि प्रत्येकाला औषध लागतंच असं नाही. इथून पुढे जे लिहिलं आहे ते तीव्र प्रकाराबद्दल.

जन्मापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत

मुलीच्या बाबतीत निसर्ग एक खूण देतो. गर्भातच अँड्रोजेन वाढल्यामुळे तिच्या बाहेरच्या अवयवांची ठेवण मुलासारखी दिसू शकते: क्लिटोरिस मोठं, योनीच्या बाजूचे ओठ जोडलेले. आतलं गर्भाशय आणि बीजकोश मात्र पूर्णपणे नेहमीसारखे असतात. कधी हा बदल इतका ठळक असतो की बाळाला मुलगा म्हणूनच घरी पाठवलं जातं. त्यामुळे प्रसूतिगृहात एक नियम पक्का हवा. दिसायला मुलगा आहे पण दोन्हीकडे अंडगोळी हाताला लागत नाही, अशा बाळाला सीएएच नाही हे तपासल्याशिवाय घरी सोडायचं नाही. ‘अंडगोळ्या नंतर उतरतील’ एवढं लिहून सुट्टी देणं धोक्याचं आहे.

अवयव पाहून खात्री होत नसेल तर नातेवाइकांना घाईने मुलगा किंवा मुलगी सांगू नये. ‘बाळ ठीक आहे, काही तपासण्यांनंतर नक्की सांगू’ हे उत्तर प्रामाणिक आहे. जन्मनोंदणीला २१ दिवस असतात आणि नाव नंतरही घालता येतं. तेवढ्यात १७-ओएचपी, सोनोग्राफी आणि गुणसूत्रांची तपासणी सहज होते.

मुलग्यांमध्ये अशी खूण नसते. फार तर अंडकोशाची त्वचा आणि स्तनाग्रं घरातल्या इतरांच्या मानाने जास्त काळसर दिसतात, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून नवजात तपासणी नसलेल्या ठिकाणी दवाखान्यांच्या नोंदींत सीएएचच्या मुली जास्त आणि मुलगे कमी दिसतात. आजार दोघांना सारखाच होतो. न दिसणारे मुलगे निदानाआधीच गेलेले असतात. घरातलं आधीचं बाळ ‘पंधरा दिवसांचं होऊन गेलं’ असं कोणी सांगितलं, तर डॉक्टरांनी तिथे थांबून नीट विचारावं: उलट्या होत्या का, वजन उतरलं होतं का, सोडियम-पोटॅशियम तपासलं होतं का.

आशा कार्यकर्ती घरी येते ते दिवस इथे फार मोलाचे आहेत. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ती बाळाचं वजन करते. मीठ वाहून जाण्याचा झटका बहुधा पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यातच येतो. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरणं स्वाभाविक आहे, पण दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. चौदाव्या दिवशीही वजन त्याखाली असेल आणि उलट्या किंवा सुस्ती असेल, तर दूध पाजण्याची पद्धत सुधारण्याबरोबर त्याच दिवशी सोडियम, पोटॅशियम आणि साखर तपासून घ्यावी.

इथे दोन चुका नेहमी होतात. बाळाची टाच दाबून रक्त काढलं की तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. म्हणून खरोखर वाढलेलं पोटॅशियमही ‘नमुना खराब असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. पण पेशी फुटल्याने सोडियम ११८ वर येत नाही. दोन्ही बिघडलं असेल तर शिरेतून पुन्हा नमुना घ्या आणि उपचार त्यासाठी थांबवू नका. दुसरी चूक म्हणजे उलट्यांमुळे जठराचं तोंड अरुंद झालं असेल असं समजणं. त्या आजारात पोटॅशियम कमी असतं आणि रक्त अल्कधर्मी होतं. सीएएचमध्ये पोटॅशियम जास्त आणि रक्त आम्लधर्मी असतं. लघवीच्या मार्गात अडथळा किंवा जंतुसंसर्ग असलेल्या तान्ह्या बाळातही सोडियम कमी-पोटॅशियम जास्त असं चित्र दिसू शकतं, म्हणून लघवीही तपासावी.

तपासण्या आणि त्यांतले खड्डे

नवजात तपासणीसाठी जन्मानंतर ४८ ते ७२ तासांनी टाचेतून रक्ताचे थेंब गाळणकागदावर घेतात. पहिल्या चोवीस तासांत घेतलं तर १७-ओएचपी निरोगी बाळातही जास्त येतं. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या किंवा आजारी बाळातही तसंच. त्यामुळे पहिला अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे आजार ठरला असं नाही, पण पुन्हा तपासणी त्याच दिवशी, सोडियम-पोटॅशियमसह व्हायला हवी. केरळमध्ये सरकारी रुग्णालयांतल्या तपासणीत सीएएच आहे आणि गोव्यानेही २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्रात मात्र बहुतेक पालकांना ती मागून घ्यावी लागते. मागावी.

अहवाल वाचताना एकक बघा. काही लॅब १७-ओएचपी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, काही नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोन्हींत शंभर पटींचा फरक आहे. तीव्र सीएएचमध्ये आकडा बहुधा प्रति मिलिलिटर १०० नॅनोग्रॅमच्या वर, म्हणजेच प्रति डेसिलिटर १०,००० च्या वर असतो. मधल्या आकड्यांसाठी एसीटीएचचं, म्हणजे अ‍ॅड्रिनलला जोर लावायला सांगणाऱ्या पिट्युटरीच्या हॉर्मोनचं, इंजेक्शन देऊन तासाभराने पुन्हा रक्त घेतात.

रुग्णालयातले पहिले तास

बाळ गंभीर असेल तर क्रम असा. शिरेत सुई गेली की आधी १७-ओएचपी, कॉर्टिसॉल, सोडियम, पोटॅशियम आणि साखर यांचं रक्त काढून ठेवा, आणि अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधरूपातल्या कॉर्टिसॉलचं, २५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन द्या. सोबत वजनाच्या दर किलोला २० मिलिलिटर नॉर्मल सलाइन, गरज पडल्यास पुन्हा. साखर कमी असेल तर डेक्स्ट्रोज. मुलांच्या वॉर्डात सर्रास लावली जाणारी आयसोलाइट-पी ही सलाइन इथे लावू नये. तिच्यात सोडियम कमी आहे आणि वर पोटॅशियम आहे. पुढे दिवसाला शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागाला ५० ते १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन चार भागांत चालू ठेवतात. इतक्या मात्रेत ते मीठही धरून ठेवतं, म्हणून फ्लुड्रोकॉर्टिसोनची (अल्डोस्टेरॉनचं काम करणाऱ्या औषधाची) गोळी तोंडाने दूध सुरू झाल्यावर दिली तरी चालते. बाळाला सीएएच नसल्याचं नंतर कळलं, तरी त्या एका इंजेक्शनाने काही बिघडत नाही.

रोजचं औषध

वाढत्या मुलांसाठी हायड्रोकॉर्टिसोनच. दिवसाला दर चौरस मीटरला १० ते १५ मिलिग्रॅम, तीन भागांत, कारण ते रक्तात फार वेळ टिकत नाही. सकाळी ६, दुपारी २, रात्री १० अशा वेळा बऱ्याच घरांना जमतात. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन स्वस्त आणि दिवसातून एकदा देण्याजोगं म्हणून लिहिलं जातं, पण त्यांनी उंची खुंटते. वाढ पूर्ण होईपर्यंत ते टाळावं.

पृष्ठभाग काढायचा तर सेंटिमीटरमधली उंची आणि किलोमधलं वजन यांचा गुणाकार करून ३६०० ने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. ५० सेंटिमीटर, साडेतीन किलोच्या बाळाचा पृष्ठभाग ०.२२ चौरस मीटर येतो. म्हणजे दिवसाला सव्वादोन ते सव्वातीन मिलिग्रॅम, एका वेळी साधारण एक मिलिग्रॅम. सुरुवातीचे काही आठवडे डॉक्टर यापेक्षा जास्त देऊ शकतात. ५ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग सव्वा मिलिग्रॅमचा होतो. तो दोन चमच्यांमध्ये चुरून, त्याच चमच्यात आईच्या दुधाचे थोडे थेंब घालून लगेच पाजायचा. पूर्ण बाटलीभर दुधात मिसळू नका, बाळाने अर्धी टाकली तर किती औषध गेलं ते कळत नाही. गोळी पाण्यात कालवून दिवसभर ठेवणंही नको. हायड्रोकॉर्टिसोन पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं, आणि सकाळच्या डोसात कमी, रात्रीच्या डोसात जास्त जातं.

मीठ धरून ठेवण्यासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोन ०.०५ ते ०.२ मिलिग्रॅम रोज. ही मात्रा वजनाबरोबर वाढत नाही. उलट तान्ह्या बाळाला मोठ्या मुलापेक्षा तुलनेने जास्त लागते, कारण त्याची मूत्रपिंडं अजून अपरिपक्व असतात. पहिल्या वर्षात शिवाय रोज १ ते २ ग्रॅम मीठ दुधांमध्ये वाटून द्यावं लागतं. आईच्या दुधात सोडियम अगदी कमी असतं. ‘वर्षाच्या आत मीठ नको’ हा घरातल्या मोठ्यांचा आणि बालरोगतज्ज्ञांचाही सल्ला इतर बाळांसाठी योग्य आहे, या बाळासाठी नाही. हे आजीला समोर बसवून समजावलं तर पुढचं सोपं जातं. चिमटीने मोजू नका. चहाचा सपाट चमचा पाच-सहा ग्रॅम भरतो, त्यामुळे अंदाज पाच पटींनी चुकू शकतो. औषध दुकानदाराकडून एकेक ग्रॅमच्या पुड्या वजन करून घ्या.

स्टेरॉइड म्हटल्यावर पालक धास्तावतात आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या बंद करतात. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे हुबेहूब कॉर्टिसॉलच. दम्याला किंवा सांधेदुखीला शरीराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त स्टेरॉइड दिलं जातं. इथे शरीराला जे बनवता येत नाही तेवढंच भरून द्यायचं आहे. ते बंद केलं तर मुलाचा जीव जाऊ शकतो. लहान गावांत फ्लुड्रोकॉर्टिसोन वेळेवर मिळत नाही, म्हणून घरात कायम एक महिन्याचा जादा साठा ठेवा.

आजारपणाचा दिवस

निरोगी माणसाची अ‍ॅड्रिनल ग्रंथी तापात आपोआप कितीतरी जास्त कॉर्टिसॉल सोडते. या मुलांच्या बाबतीत ते काम आई-वडिलांना करावं लागतं. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, १०२ च्या वर गेला की तिप्पट, आणि तीनऐवजी दर सहा तासांनी. समजा ११० सेंटिमीटर, १८ किलोचं मूल आहे आणि रोज पावणेनऊ मिलिग्रॅम घेतं. १०३ ताप असेल तर दिवसाला साधारण २५ मिलिग्रॅम लागेल: ५ मिलिग्रॅमची सव्वा गोळी, चार वेळा. ताप उतरल्यावर एक दिवस वाढीव मात्रा ठेवून सरळ नेहमीच्या मात्रेवर यायचं, हळूहळू कमी करत बसायचं नाही. फ्लुड्रोकॉर्टिसोन आहे तेवढंच ठेवायचं. साधी सर्दी, परीक्षा, खेळाचे सामने यांसाठी मात्रा वाढवायची नसते. लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे करायचं आणि ताप आला तरच डोस वाढवायचा.

खरा धोका उलट्यांचा आहे, कारण गोळी पोटात राहतच नाही. डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस पुन्हा द्या. पुन्हा उलटी झाली तर तिसऱ्यांदा प्रयत्न नको, इंजेक्शन द्या. मूल जागं होत नसेल, बरळत असेल, अंग गार पडलं असेल तर थेट इंजेक्शन. तीन वर्षांच्या आत २५ मिलिग्रॅम, तीन ते बारा ५० मिलिग्रॅम, त्यापुढे १००. हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेटची १०० मिलिग्रॅमची कुपी साध्या मेडिकलमध्येही मिळते. आत कोरडी पूड असते. तिच्यात २ मिलिलिटर इंजेक्शनचं पाणी घालून पूर्ण विरघळेपर्यंत फिरवायचं. मग अर्धा मिलिलिटर म्हणजे २५ मिलिग्रॅम. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, सुई सरळ आत. घरात दोन कुप्या, पाणी, दोन सिरिंज एका डब्यात ठेवा, मुदत संपायची तारीख डब्यावर लिहा आणि आई-वडील दोघांनी दवाखान्यात नर्सच्या देखरेखीखाली एकदा तरी ते करून बघा. इंजेक्शन दिल्यानंतर रुग्णालयात जायचंच आहे.

रात्री दोन वाजता कोणत्याही गावातल्या डॉक्टरांना पटकन समजावं म्हणून दप्तरात आणि वडिलांच्या पाकिटात एक कार्ड असावं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी:

‘या मुलाला सीएएच हा अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा आजार आहे. उलट्या, सुस्ती, बेशुद्धी, झटके, मोठा अपघात किंवा शस्त्रक्रिया असल्यास हायड्रोकॉर्टिसोन ५० मिलिग्रॅम शिरेतून किंवा मांडीत ताबडतोब द्या. नंतर नॉर्मल सलाइन आणि ग्लुकोज. तपासणीसाठी इंजेक्शन थांबवू नका.’

मात्रा वयाप्रमाणे बदलून घ्यायची आणि खाली डॉक्टरांचा फोन. विदर्भातल्या उन्हाळ्यात घामातून मीठ जातं, त्या महिन्यांत जेवणात मीठ कमी करू नये आणि उपाशी ठेवू नये. पुढे मुलगी उपवास धरायच्या वयाची झाली की हे तिच्याशीही बोलावं.

वाढ आणि मुलींची शस्त्रक्रिया

पहिल्या वर्षात दर एक ते तीन महिन्यांनी, नंतर तीन-चार महिन्यांनी उंची, वजन, रक्तदाब, १७-ओएचपी, अँड्रोस्टेनेडायोन (एक अँड्रोजेन) आणि रेनिन (मीठ पुरेसं आहे का ते सांगणारी तपासणी) बघतात. औषध कमी पडलं तर मूल भराभर उंच होतं, पाच-सहा वर्षांच्या वयातच काखेत-जांघेत केस उगवतात, वर्गात सगळ्यांत उंच म्हणून कौतुक होतं; पण हाडांची टोकं लवकर बंद होतात आणि मोठेपणी उंची कमी राहते. औषध जास्त झालं तर उंची थांबते, चेहरा गोल होतो, वजन वाढतं. १७-ओएचपी अगदी ‘नॉर्मल’ आणण्याचा हट्ट करू नये. ते पूर्ण नॉर्मल झालं, तर बहुतेक वेळा औषध जास्त होतंय. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय दोन वर्षांनंतर साधारण दरवर्षी पाहतात.

मुलींच्या बाहेरच्या अवयवांच्या शस्त्रक्रियेसाठी घरून फार दबाव येतो. लघवीला अडथळा नसेल तर ही तातडीची गोष्ट नाही. औषध नीट सुरू झालं की क्लिटोरिसचा वाढलेला आकार थोडा कमी होतो. निर्णय या शस्त्रक्रियेचा भरपूर अनुभव असलेल्या चमूसोबत, सगळे पर्याय समजून घेऊन, अगदी थांबण्याचाही पर्याय धरून, घ्यावा. अशा मुलीला पाळी येते आणि नीट उपचारांवर ती आई होऊ शकते.

जनुकतपासणी आणि पुढचं बाळ

दोष सहाव्या गुणसूत्रावरच्या सीवायपी-२१-ए-२ या जनुकात असतो. आई आणि वडील दोघेही वाहक, स्वतः निरोगी. प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, आणि एक बाळ आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटतात असं नाही. आते-मामे भावंडांच्या लग्नात वाहकाला वाहक भेटण्याची शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या लग्नांतही हा आजार होतो. सासरी-माहेरी कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही.

या जनुकाच्या शेजारी त्याच्याशी जवळजवळ हुबेहूब जुळणारं एक निकामी जनुक आहे. नेहमीच्या एक्झोम तपासणीत (एकदम हजारो जनुकं वाचणाऱ्या) दोन्हींची सरमिसळ होते आणि अहवाल ‘काही सापडलं नाही’ असा येऊ शकतो. म्हणून लॅबला आधीच विचारा: या जनुकासाठी वेगळी पीसीआर (फक्त याच जनुकाच्या प्रती काढून वाचणं) आणि एमएलपीए (जनुकाचा तुकडा गळला आहे का ते पाहणं) करता का? मुंबईतलं केईएम रुग्णालय हे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखालच्या केंद्रांपैकी एक आहे. खासगी लॅब निवडण्याआधी तिथे सल्ला घेता येतो.

आजारी मुलाच्या आणि आई-वडिलांच्या जनुकातल्या बदलांचे अहवाल पुढच्या गर्भारपणाआधीच हातात हवेत, तरच दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास नोंदणीकृत केंद्रात वारेच्या पेशींची तपासणी करता येते. गर्भातल्या मुलीसाठी आईला डेक्सामेथासोन देण्याचा उपाय अजून प्रायोगिक आहे, नेहमीचा म्हणून तो घेऊ नये. गर्भातली तपासणी केली नसेल तर नवं बाळ मुलगा असो वा मुलगी, तिसऱ्या दिवशी १७-ओएचपी पाठवा आणि अहवाल हातात येईपर्यंत रोज वजन आणि दर दोन-तीन दिवसांनी सोडियम-पोटॅशियम बघत राहा.